कोर्टाला सुट्टी, ऑफिसला नाही

मुरुडहून दापोलीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर, त्यात कोरे कागद, दोन पेनं, कॉलेजचं पत्र आणि घडी करून ठेवलेला काळा टाय. गाडी आसूदची वळणं घेत चढायला लागली तसं तिने फोल्डर पोटाशी धरलं. मे महिना होता. गाडीत निम्मी माणसं मुंबईहून आलेली, पायाशी रिकाम्या पिशव्या घेऊन बाजाराला निघालेली.

‘टाय कशाला? कोर्ट तर बंद आहे,’ मी विचारलं.

‘कॉलेजच्या पत्रात पोशाख लिहिलाय,’ ती म्हणाली. ‘सर म्हणाले लावू नकोस, पण असू दे जवळ.’

ती विधी महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. दुसरं वर्ष संपलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे दापोलीच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात उमेदवारी करायची तिला संधी मिळाली होती. संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता ‘कामाची पहिली पायरी’. माझं आजोळ मुरुडचं. नात्यातल्याच कुणीतरी सांगितलं, आमच्या वाडीतली एक मुलगी वकिलाकडे जाते सुट्टीत, तिला भेट. म्हणून मी गेले, आणि आठवडाभर त्या ऑफिसात एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. वकीलसाहेब आणि ती, दोघांच्याही इच्छेनुसार नावं लिहीत नाही. पक्षकारांचे तपशीलही ओळख पटू नये एवढे बदलले आहेत.

वीस आठवडे

वकिलीच्या विद्यार्थ्याला सुट्टीतलं हे काम ऐच्छिक नसतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. स्वयंसेवी संस्था, न्यायाधीश, कंपनी, लॉ फर्म, स्थानिक स्वराज्य संस्था, कुठेही चालते. पण शिक्षण संपेपर्यंत एकदा तरी खालच्या कोर्टात दावे चालवणाऱ्या आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलाकडे काम केलेलं असलं पाहिजे. पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट हा पोशाखही त्याच नियमांतला.

नियमांत आणखी एक चांगली गोष्ट आहे. किमान दहा वर्षं वकिली केलेल्या आणि विद्यार्थ्यांना शिकवायला तयार असलेल्या वकिलांची यादी राज्याच्या बार कौन्सिलने करावी, असं त्यात म्हटलं आहे. मी भेटले त्या सात-आठ विद्यार्थ्यांपैकी एकालाही अशा यादीतून जागा मिळाली नव्हती. कुणाच्या मामाचा दावा त्या वकिलांकडे चालू होता, कुणाच्या शाळेतल्या सरांची ओळख होती. माझ्या एसटीतल्या सोबतिणीने मात्र ओळख नसताना जागा मिळवली. जानेवारीत ती कॉलेजचं पत्र घेऊन दापोलीच्या कोर्टात गेली, बार रूमच्या दाराशी उभी राहिली आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांना एकेक करून विचारलं. तिघांनी नाही म्हटलं. चौथे म्हणाले, ‘अक्षर दाखव.’ तिने वहीचं पान दाखवलं. ‘मे महिन्यात ये.’

अक्षर कशासाठी बघितलं, हे मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘अक्षर नाही बघितलं. ती वर्गात बसून ऐकून काय टिपून घेते, ते बघितलं.’

चाकरमान्यांचा हंगाम

मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. दिवाणी दाव्यांच्या तारखा पडत नाहीत. रिमांड, जामीन असं तातडीचं फौजदारी काम तेवढं चालतं. उच्च न्यायालयालाही सुट्टी. आणि विद्यार्थ्यांची सुट्टी नेमकी तेव्हाच. त्यामुळे मुलं हिरमुसतात, की एवढं पत्र आणून उपयोग काय, पुकारा ऐकायला मिळाला नाही, उलटतपास बघायला मिळाला नाही.

कोकणात मात्र मे महिन्यातच वकिलाच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. सातबाऱ्यावर अकरा नावं असतात. त्यातली आठ नालासोपारा, डोंबिवली, परळ, दिव्याला. ही सगळी माणसं एका वेळी गावात सापडतात ती गणपतीत आणि मे महिन्यात. गणपतीत कुणी कागद काढत नाही. म्हणून वाटपाचं बोलणं, वारस नोंदीचे अर्ज, मुखत्यारपत्रं, हक्कसोडपत्रं, घराच्या वाटेचे वाद, सगळं या पंचवीस-तीस दिवसांत येऊन कोसळतं. कोर्ट बंद असलं तरी तहसील, प्रांत कार्यालय, भूमिअभिलेख आणि दुय्यम निबंधकाचं कार्यालय उघडं असतं. जमिनीचं निम्मं काम तिथेच होतं.

त्या वर्षी पावसानेही घाई केली. मे संपायच्या आतच धो धो लागला. बागायतदार आंब्यासाठी हळहळत होते, आणि ऑफिसातल्या बाकावर छत्र्या ठिबकत असताना कारकूनकाका पक्षकारांना सांगत होते, ‘परतीचं तिकीट कधीचं आहे ते आधी सांगा. त्याप्रमाणे नंबर लावतो.’

या काकांनी विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी शिकवलं ते सातबारा वाचायला. कॉलेजात तिला मालमत्ता हस्तांतरण कायदा शिकवला होता, पण सातबाऱ्याचा उतारा वर्गात कुणी हातात दिला नव्हता. काकांनी एक जुना, हस्तलिखित उतारा टेबलावर पसरला आणि बोटाने दाखवत गेले. हा गट नंबर. हे क्षेत्र, त्यात पोटखराबा वेगळा. ही खातेदारांची नावं, आणि नावाशेजारी वर्तुळात आकडे आहेत ते फेरफारांचे. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. मग उजवीकडच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘मुंबईचा माणूस वरची नावं वाचतो आणि उठतो. तू इथून वाचायला लाग.’

त्या रकान्यात लिहिलं होतं, कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे ही जमीन कधीकाळी कुळ म्हणून कसणाऱ्याला कुळकायद्याने मिळाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली, आणि अशी जमीन विकायची तर कलम ४३ च्या अटी पाळाव्या लागतात. विकत घेणारा शेतकरी नसेल तर कलम ६३ आडवं येतं. त्याआधीचा इतिहास खोतीचा. ती १९४९ च्या कायद्याने गेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गुंठ्याच्या मागे एवढं सगळं उभं असतं. किनाऱ्यालगतच्या जमिनीला सीआरझेडची रेघ वेगळी. मुरुड-कर्दे भागात पर्यटन वाढलं तसा जमिनीला भाव आला, आणि तीस-चाळीस वर्षं कुणी विचारली नव्हती ती नावं विचारली जाऊ लागली.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा मुरुडच्या वाड्यांतल्या पोफळी आणि माड आडवे झाले. भरपाईचा पंचनामा करताना पहिला प्रश्न आला तो उताऱ्यावर नावं कुणाकुणाची आहेत हा. बाग राखणारा एक, आणि उताऱ्यावर आजोबा, चुलत आजोबा, त्यांची पोरं. माझ्या सोबतिणीच्या घरीही तेच झालं. ती तेव्हा शाळेत होती. वकिलीला जायचं तिने तेव्हा ठरवलं, असं ती सांगते.

हक्कसोड

माझ्या तिथल्या चौथ्या दिवशी दोन भाऊ आणि त्यांची बहीण आली. भाऊ मुंबईला नोकरीला, बहीण खाडीपलीकडच्या गावी दिलेली. वडील जाऊन दोन वर्षं झालेली. भावांना बहिणीचं हक्कसोडपत्र करून हवं होतं. मसुदा आदल्या दिवशी विद्यार्थिनीनेच जुन्या कागदावरून उतरवला होता, आणि वकीलसाहेबांनी त्यात लाल शाईने सहा ठिकाणी दुरुस्त्या केल्या होत्या. त्यातल्या दोन चतुःसीमेच्या होत्या. तिने पूर्वेला लिहिलेली वहाळ प्रत्यक्षात दक्षिणेला होती.

वकीलसाहेब म्हणाले, ‘वाचून दाखव ताईंना. सावकाश.’

ती वाचू लागली. कागदाची भाषा ठरलेली: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता. बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मिळकतीचं वर्णन संपलं तेव्हा तिने विचारलं, ‘बाय, सही केली की माझं नाव जाईल ना उताऱ्यावरून?’

मुलीने साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘तुला विचारलंय त्यांनी. तुला माहीत आहे ते सांग.’

‘हो, जाईल,’ ती म्हणाली. ‘हे निबंधकाकडे नोंदवलं की मग फेरफार होऊन नाव कमी होईल. पुन्हा लावता येणार नाही सहजी. आणि… कायद्याने तुमचा हिस्सा भावांएवढाच आहे.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. थोरला भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मग बहिणीने टेबलावरचं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘गणपतीला येते मी. तेव्हा बघू.’ भावांनी वाद घातला नाही. तिघं एकाच रिक्षाने गेली.

नंतर मी वकीलसाहेबांना विचारलं, पक्षकार भाऊ होते, मग? ते म्हणाले, ‘कागद माझ्या ऑफिसात होतोय. सही करणाऱ्याला तो कळला नाही, तर दहा वर्षांनी तोच कागद कोर्टात माझ्यासमोर येतो.’ त्या दिवशी त्यांचं शुल्क बुडालं. विद्यार्थिनीच्या रोजच्या वहीत मी दुसऱ्या दिवशी डोकावले. तिने लिहिलं होतं: हिंदू वारसा कायदा, २००५ ची दुरुस्ती, मुलगी जन्माने सहदायाद, विनीता शर्मा निकाल, २०२०. आणि खाली, वहाळ दक्षिणेला.

मुरुडच्या मुलीने हे काम करावं, याचं मला फार मोल वाटतं. धोंडो केशव कर्वे याच गावचे. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. स्त्रियांना वकिली करायची मुभा देणारा कायदा झाला तोच १९२३ साली.

मुरुडचे रावसाहेब

कर्व्यांचं नाव मुरुडात सगळ्यांना ठाऊक आहे. विश्वनाथ नारायण मंडलिक हे नाव आता फार थोडे घेतात. रावसाहेब मंडलिक १८३३ साली मुरुडलाच जन्मले. एल्फिन्स्टनमध्ये शिकले, आधी सरकारी नोकरी केली आणि तिशीच्या सुमारास वकिलीकडे वळले. मुंबई उच्च न्यायालयात ते सरकारी वकील झाले, १८६४ साली त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र सुरू केलं, पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सभासद म्हणून गेले. त्यांचं मोठं काम १८८० साली आलं: नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचं इंग्रजी रूप, टिपा आणि परिशिष्टांसह. मुंबई बेट, गुजरात, उत्तर कोकण इथल्या वारसाच्या खटल्यांत मयूखाचा आधार घेतला जाई, आणि तो न समजणारे इंग्रज न्यायाधीश निकाल देत. कुणाच्या पश्चात कुणाला काय मिळतं, हा प्रश्न मंडलिकांनी मुरुडहून निघून कलकत्त्यापर्यंत नेला. दापोलीच्या त्या बाकावर अजून तोच प्रश्न घेऊन माणसं बसलेली असतात.

पांडुरंग वामन काणे यांचे वडील दापोलीत वकिली करत, आणि काणे दापोलीच्याच शाळेत शिकले. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या १९३० ते १९६२ अशा काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाबद्दल आपण बोलतो, १९६३ च्या भारतरत्नाबद्दल बोलतो. ते उच्च न्यायालयात वकिली करत होते, हे मागे पडतं. काण्यांनीही ‘व्यवहारमयूखा’ची आवृत्ती सिद्ध केली. तालुक्याच्या वकिलाच्या घरात कागदपत्रांच्या वासात वाढलेल्या मुलाने वारसाहक्काच्या पोथीकडे वळावं, यात मला आश्चर्य वाटत नाही.

फोर्टातला दरवाजा

आता मुंबईकडे. लॉ फर्म म्हटलं की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंट, लोअर परळ येतं. काचेचं दार, गळ्यात ओळखपत्र, महिन्याचं विद्यावेतन आणि काम आवडलं तर पदवीआधीच नोकरीचा कागद. मोठ्या फर्मांत ही सुट्टीतली उमेदवारी म्हणजे नोकरीचीच लांबलेली मुलाखत असते. अर्ज फर्मच्या संकेतस्थळावर किंवा कॉलेजच्या प्लेसमेंट समितीमार्फत जातात, तेही कितीतरी महिने आधी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांना वरच्या वर्गातले विद्यार्थी हे पहिल्या सत्रातच सांगतात. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा जिल्ह्याच्या कॉलेजात शिकणाऱ्याला ते कळेपर्यंत एप्रिल उजाडतो.

तरी दार बंद नाही. दापोली तालुक्यातल्याच एका तरुणाला मी मुंबईत भेटले. दोन वर्षांपूर्वी त्याने स्थावर मालमत्तेचं काम करणाऱ्या एका फर्ममध्ये चार आठवडे मिळवले. त्याने पहिल्यांदा पाठवलेले पंधरा-वीस अर्ज सगळे एकसारखे होते. आपण मेहनती आहोत, शिकायची तीव्र इच्छा आहे, असं त्यांत लिहिलेलं. एकाचंही उत्तर आलं नाही. मग त्याने अर्ज बदलला. खेडच्या एका वकिलांकडे मागच्या सुट्टीत काय केलं ते नेमकं लिहिलं: तीस वर्षांचा टायटल सर्च दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून तीन वेळा केला, इंडेक्स टू वाचता येतो, सातबारा आणि आठ-अ ताडून बघता येतात, कुळकायद्याच्या नोंदी ओळखता येतात, मराठी दस्ताचा इंग्रजी गोषवारा करता येतो. एक पान. सोबत नावं खोडलेला एक गोषवारा जोडला. तीन दिवसांत फोन आला.

कारण सोपं आहे. मुंबईत बसून कोकणातली जमीन घेणाऱ्या पक्षकारासाठी फर्मला त्या जमिनीचा मालकी-इतिहास तपासावा लागतो. मूळ कागद मराठीत, क्वचित मोडीत. अहवाल इंग्रजीत. या दोहोंच्या मध्ये बसणारा माणूस तिथे कमी असतो. तो मुलगा पहिल्या आठवड्यातच एका फाइलवर थांबला: खरेदीखतात सही करणाऱ्या तिघांखेरीज उताऱ्यावर एक चौथं नाव होतं, आणि ते कमी झाल्याचा फेरफार कुठेच नव्हता. त्याने ते दाखवलं. व्यवहार थांबला, चौथ्याचे वारस शोधले गेले.

इंग्रजीची अडचण त्याने लपवली नाही. मराठी माध्यमातून आलेला असल्यामुळे ईमेल लिहायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा. रोज रात्री डोंबिवलीला मावशीच्या घरी परतताना लोकलमध्ये तो फर्मचे जुने अहवाल वाचायचा नाही, कारण ते बाहेर नेता येत नाहीत. उच्च न्यायालयाचे निकाल मोबाइलवर वाचायचा, वाक्यं कशी बांधतात ते बघायला. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली ती शासनाने १९९८ साली काढलेल्या अधिसूचनेने. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. दोन्ही येणाऱ्याला दोन्हीकडे मान आहे, आणि हे आपल्या मुलांना कुणी तरी ठामपणे सांगायला हवं.

सातारा, मुंबई, कोल्हापूर

कर्वे सतराएक वर्षांचे असताना मुरुडहून काही सोबत्यांबरोबर साताऱ्याला परीक्षेसाठी गेले होते. कुंभार्ली घाट चढून, शंभरेक मैल पायी, चार दिवसांत. तिथे परीक्षकांना ते वयाने लहान वाटले आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. मुरुडच्या मुलाला शिकायला, कामाला लांब जावं लागणं हे तेव्हापासूनचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये एक अंतर बदललं. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. १७ ऑगस्ट २०२५ ला उद्‌घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे सहा जिल्हे त्याच्याकडे गेले. म्हणजे दापोलीच्या दाव्याचं खेडच्या जिल्हा न्यायाधीशांसमोरचं अपील संपलं की पुढची पायरी आता कोल्हापूर. दापोलीकराला मुंबईची गाडी सवयीची आणि कोल्हापूर घाटापलीकडे, त्यामुळे उत्तर रत्नागिरीत याबद्दल दोन्ही मतं ऐकू येतात. विद्यार्थ्यांसाठी मात्र मला हे चांगलं वाटतं. कोल्हापुरात अपिलाचं काम करणारी नवी ऑफिसं उभी राहताहेत, त्यांना हात हवे आहेत, आणि तिथे महिनाभर राहण्याचा खर्च मुंबईपेक्षा पुष्कळ कमी आहे.

गाडीभाडं

सगळ्यात अवघड गोष्ट पैशाची. दापोलीच्या ऑफिसात माझ्या सोबतिणीला विद्यावेतन नव्हतं. महिलांना एसटीत २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, म्हणून रोजचं जाणं-येणं तिला झेपलं. दुपारचा डबा घरचा. पण सुट्टीत तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली पर्यटकांच्या घरगुती खानावळीत, मुलगे वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींवर कामाला लागतात, कारण मे महिनाच कमाईचा असतो. वकिलाकडे फुकट बसायचं म्हणजे ती कमाई सोडायची. ज्याला परवडतं तोच शिकतो. मुंबईत तर राहायला नातेवाइकाचं घर नसेल तर चार आठवड्यांचा खर्चच अर्जाआधी मुलाला मागे खेचतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं. ती शिफारस आहे, आणि विद्यार्थ्यांना लागू नाही. मी दापोलीत असतानाच, २० मे २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षांची वकिली हवी. ऑफिसात त्यावर दिवसभर चर्चा झाली. न्यायाधीश व्हायचं असलं तरी आता आधी कुणाच्या तरी टेबलापाशी बसावं लागणार. मग त्या टेबलापाशी बसलेल्या मुलाचं पोट कसं भरतं, हा प्रश्न वकिलांच्या संघांनी स्वतःचा मानला पाहिजे. तालुक्याच्या बार असोसिएशनने दर मे महिन्यात पाच विद्यार्थ्यांचं गाडीभाडं आणि दुपारचं जेवण उचललं तरी मोठी गोष्ट होईल. हे अशक्य नाही. एका मोठ्या दाव्याच्या शुल्काएवढाही हा पैसा नाही.

तिच्या उमेदवारीच्या शेवटच्या दिवशी वकीलसाहेबांनी प्रमाणपत्र लिहिलं. छापील मजकुरावर नुसती सही केली नाही. काय काय काम केलं ते सहा ओळींत लिहिलं: किती उतारे वाचले, किती मसुदे केले, तहसीलात किती वेळा गेली. नंतर खिशातून पाकीट काढून तिच्या फोल्डरवर ठेवलं. तिने नको म्हटलं. ‘गाडीभाडं आहे,’ ते म्हणाले. काकांनी तिला एक पुठ्ठ्याची जुनी फाइल दिली, पुढच्या वर्षी लागेल म्हणून.

वाचकांत जे वकील आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या एका तरी विद्यार्थ्याला येत्या मे महिन्यात टेबलाशी जागा द्या, आणि त्याचं गाडीभाडं द्या. आणि ज्या मुलांना जायचं आहे, त्यांनी एप्रिलची वाट बघू नये. दिवाळी झाली की कोर्ट पुन्हा सुरू होतं, बार रूमचं दार उघडं असतं. कॉलेजचं पत्र घेऊन जा आणि विचारा. तिघांनी नाही म्हटलं, तर चौथ्यालाही विचारा.